दोन्ही भावांचा राजीनामा

२०२३ साली मी बहात्तर वर्षांचा होतो. शाळा चौथीतच सुटलेली. सही करता येते, मराठी वाचता येतं, हिंदीही वाचता येतं कारण अक्षरं तीच. इंग्रजीत फक्त गाड्यांच्या पार्टची नावं येतात, पण ती सगळी येतात. दिल्लीच्या करोल बागेत गाड्यांच्या पार्टच्या दुकानात काउंटरवर उभं राहून मी जन्म काढला. आधी गोदामातून खोकी आणून देणारा पोऱ्या होतो, मग काउंटरवरचा माणूस झालो, आणि शेवटची वीस वर्षं मालक बाहेर गेला की मालकच. हे सांगतो कारण पुढे जे झालं ते ऐकून लोक म्हणतात, अडाणी माणसानं शेअर बाजारात पडू नये. मी पडलो नव्हतो. मी उभा होतो.

माझी पद्धत वेगळी होती. रोज सकाळी घ्या, दुपारी विका, असला पोरखेळ मी कधी केला नाही. कंपनी चांगली आहे म्हणून पंधरा वर्षं धरून ठेवा, हेही केलं नाही, कारण पंधरा वर्षं कोणी पाहिलीत? मी घटना बघायचो. कंपनीच्या घरात काहीतरी घडणार असतं. दोन कंपन्या एक होणार असतात, एकीच्या दोन होणार असतात, किंवा मालक आपलेच शेअर लोकांकडून परत विकत घेणार असतो. अशी घटना घडायच्या आधी घ्यायचं आणि घडली की विकून बाजूला व्हायचं. याची पुस्तकातली नावं सूनबाईनं मला सांगितली होती, पण मी माझीच नावं ठेवली. दोन कंपन्या एक झाल्या की सोयरीक. एकीच्या दोन झाल्या की वाटणी. मालकानं शेअर परत घेतले की माहेरपण. घरात सगळ्यांना ही नावं पाठ होती.

शेजारच्या सीट कव्हरवाल्या सरदारजीला मी एकदा हे समजावून सांगितलं. तो पोट धरून हसला.

"ओए मराठे, तू शेयर नहीं ख़रीदता. तू दूसरों के घर के झगड़े ख़रीदता है."

"तुझे क्या, मुनाफ़ा तो होता है," मी म्हणालो.

"होता है यार, होता है. पर किसी दिन झगड़ा तेरे घर आ जाएगा."

तेव्हा मी पण हसलो होतो. एक सोयरीक आणि दोन माहेरपणं माझ्या पदरात पडली होती. त्या पैशातून मुलाच्या दिल्लीतल्याच द्वारकेच्या फ्लॅटला हातभार लागला. मग मी का हसू नये?

दुकान सोडल्यावर आम्ही दोघं नवराबायको गाज़ियाबादची खोली विकून मुलाकडे द्वारकेला राहायला गेलो. खोलीचे पैसे आले तेव्हा बायकोनं आयुष्यात पहिल्यांदा माझ्याकडे काही मागितलं. वर्ध्याला तिची धाकटी बहीण राहते. बहिणीच्या घरामागे दोन खोल्या आहेत, त्या बहिणीच्या मुलाला विकायच्या होत्या. बाहेरच्याला विकण्याआधी मावशीला विचारतो, असं तो म्हणाला. बायको म्हणाली, "अहो, आपण तिथं जाऊन राहू. बुद्धविहार चार घरं सोडून आहे. संध्याकाळी चालत जाईन. बाया आहेत तिथं बोलायला."

तिचं बरोबर होतं. दिल्लीत येऊन तिची पन्नास वर्षं झाली, पण हिंदी तिच्या जिभेवर चढली नाही. द्वारकेच्या सोसायटीत संध्याकाळी बाकांवर बायका बसायच्या. ही त्यांच्याशेजारी बसायची, त्या हसल्या की हसायची, आणि अंधार पडायच्या आत वर यायची. वर आल्यावर माझ्याशी इतकं बोलायची की मी टीव्हीचा आवाज वाढवायचो.

पैसे होते. दोन खोल्यांपुरते बरोबर होते. पण खोल्या घेतल्यावर हातात काही उरणार नव्हतं, आणि वर्ध्याला बसून मुलाकडे महिन्याला हात पसरायचा, हे माझ्याच्यानं झालं नसतं. मी तिला म्हणालो, "थोडं थांब. एक वाटणी आहे समोर. ती झाली की जाऊ. खोल्याही घेऊ आणि वर चार पैसे राहतीलही."

"कोणाची वाटणी?"

"फरीदाबादच्या दोन भावांची."

ती कंपनी मला माहेरासारखी ठाऊक होती. गाड्यांचे ब्रेक शू बनवायची. काउंटरवर मी तिचा माल इतका विकला की डोळे मिटून नुसता अंगठा फिरवून सांगायचो, खरा की नकली. बाप होता तोपर्यंत सगळं सरळ होतं. बाप गेला आणि भाऊ भांडले. मोठा भाऊ कारखाना बघायचा, धाकटा विक्री. दोघं कोर्टात गेले. एकानं नेमलेला मॅनेजर दुसरा काढून टाकायचा. मालाला मागणी होती, कारखाना चालू होता, पण बाजार अशा घराला घाबरतो. शेअर पडला. मला तेच हवं होतं. मी म्हटलं, आज ना उद्या हे थकतील. मोठा जुना कारखाना घेईल, धाकटा नवा घेईल, एकीच्या दोन कंपन्या होतील, आणि आपल्या हातात दोन्हींचे शेअर येतील. गाज़ियाबादच्या खोलीचा पैसा आणि दुकानातून मिळालेला शेवटचा पैसा मी त्यात घातला.

भाऊ थकले नाहीत. एक वर्ष गेलं, दुसरं गेलं. शेअर आणखी पडला, निम्म्याच्या आसपास आला. मुलगा म्हणाला, "बाबा, निघा आता. जे मिळतंय ते घ्या." मी म्हणालो, "घटनेच्या आधी निघतो तो मूर्ख." बायको रोज सकाळी चहाचा कप ठेवताना विचारायची, "अहो, झाली का त्यांची वाटणी?" जसे काही ते तिचे सख्खे दीर. संध्याकाळी वंदना झाली की हात जोडून त्या दोघांसाठी पण काहीतरी पुटपुटायची. मी विचारलं तर म्हणाली, "सुबुद्धी येवो म्हणते. आईबापाविना पोरं आहेत."

"पन्नाशीचे घोडे आहेत दोघे," मी म्हणालो.

"असू द्या. आई नाही ना पण."

वर्ध्याचा भाचा भला माणूस. थांबला. दिवाळीपर्यंत थांबतो म्हणाला, मग उन्हाळ्यापर्यंत. मग बहिणीनंच सांगितलं की आता या दसऱ्याला इकडे किंवा तिकडे. त्याला स्वतःला नागपूरला घर घ्यायचं होतं, त्याचीही बायको त्याच्या मागे लागली होती.

दसरा तोंडावर आला आणि माझ्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं. मोतीबिंदू. उजव्या डोळ्याला फार पूर्वी बॅटरीचं पाणी उडालेलं, त्यानं उजेड आणि अंधार एवढंच कळतं. म्हणून डाव्यावरच सगळा संसार, आणि त्याच्यावरच पट्टी. डॉक्टर म्हणाला, पट्टी निघेपर्यंत मोबाईल नाही, टीव्ही नाही, वाकायचं नाही. मी सूनबाईला बोलावून समोर बसवलं.

सूनबाई म्हणजे करोल बागेतल्याच एका मराठी घरातली मुलगी. बाप केंद्र सरकारच्या खात्यात. जन्म दिल्लीचा, शाळा दिल्लीची. हुशार आहे, गुरुग्रामच्या कुठल्या ऑफिसचं काम घरी जेवणाच्या टेबलावर लॅपटॉप ठेवून करते. तिचं मराठी मात्र तिकडचं. "बाबा, माझं डोकं दर्द करतंय," असं म्हणते. लग्न होऊन आली तेव्हा घरात सरळ हिंदीच चालायची. मी पहिल्याच महिन्यात सांगून टाकलं की बाहेर काय बोलायचं ते बोला, चपला काढून आत आलात की मराठी. फ्लॅट मुलाच्या नावावर असेल, पण हा नियम माझा. तिनं तो पाळला. मी त्याबद्दल तिला मनातून मानायचो. तोंडावर कधी म्हटलं नाही.

तर तिला मी सांगितलं, "फरीदाबादच्या हिंदी पेपरची बातमी मोबाईलवर लावून ठेव. इंग्रजीवाले दुसऱ्या दिवशी देतात. फरीदाबादचा वार्ताहर कारखान्याच्या गेटवरच चहा पितो, त्याला आधी कळतं."

"लावली, बाबा."

"त्या दोन भावांचं काही आलं की सगळं टाकून मला सांगायचं. मीटिंग असली तरी."

"बॉसला सांगू, सासऱ्यांचे भाऊ भांडतायत?"

"सांग."

ऑपरेशनच्या तिसऱ्या दिवशी, बाजार उघडून तासभर झाला असेल, मी पलंगावर पडलो होतो. बायको खाली भाजी घ्यायला गेली होती. बाहेरून खुर्ची सरकल्याचा आवाज आला आणि सूनबाई पळत आली.

"बाबा, बाबा! आली न्यूज!"

मी उठून बसलो. "काय आहे?"

"वाचून दाखवू? हिंदीत आहे."

"मराठीत सांग."

हे मीच म्हणालो. "मराठीत सांग." नियम होता.

ती म्हणाली, "दोन्ही भावांचा राजीनामा झाला."

म्हणजे दोघंही कंपनी सोडून गेले. घोडा गेला आणि घोडेस्वारही गेला. आता वाटणी कुणाची आणि कुणात?

"दोघांचा?" मी विचारलं.

"मग? एकट्याचा कसा होईल?"

मला वाटलं, खरंय, एकानं सोडलं असतं तर दुसरा जिंकला असता, म्हणून कोर्टानं दोघांनाही उठवलं.

"पक्कं आहे? कोर्टात झालं?"

"कोर्टातच. जजसमोर दोघांनी लिहून दिलं, सह्या केल्या."

"विक."

"सगळे?"

"सगळे."

"बाबा, इथं सगळं लाल दिसतंय पण, म्हणजे घाटा. थोडं थांबून बघू या का?"

"लाल मला माहीत आहे. बातमी आली की निघायचं. किती वेळा सांगितलंय मी या घरात?"

"ओके, ओके. चिडू नका. ओटीपी येईल, मीच टाकते." तिनं खुडखुड केलं. माझे कान त्या खुडखुडीवर. "झालं. बिल्कुल सगळे गेले. चलो, सुटलो एकदाचे!"

सुटलो म्हणाली. मला वाटलं, काय काळजाची पोरगी आहे ही. सासऱ्याचं घर बुडालं आणि ही सुटलो म्हणते. मी भिंतीकडे तोंड करून पडलो. ती उभी होती थोडा वेळ. मग म्हणाली, "बाबा, खूश नाही का?" मी पांघरूण ओढून घेतलं. तिला वाटलं डोळा दुखतोय. औषधाची बाटली उशाशी ठेवून गेली.

त्या दिवशी दुपारभर मी एकच गोष्ट केली. बायकोला कसं सांगायचं, त्याची वाक्यं तयार केली आणि मोडली. ती दोनदा पट्टी सरकवून डोळ्यात थेंब घालायला आली. दुसऱ्या वेळी बोटानं पापणी धरून म्हणाली, "अहो, आज काही कळलं का?"

"पडून राहू दे मला," मी म्हणालो.

संध्याकाळी मुलगा ऑफिसातून आला तो दारातूनच ओरडत आला. हातात मिठाईचा डबा होता, त्याचा वास मला आतपर्यंत आला.

"बाबा, मान गए! दोन वर्षं एकटे म्हणत होतात. ऑफिसात सगळ्यांना सांगितलं मी. आई, कुठंयस तू? आ कर. झाली तुझी वाटणी!"

बायकोचा आवाज आला, "खरंच? दोघं ऐकले?" आणि ती पळतच आली असणार, कारण तिच्या बांगड्यांचा आवाज आधी आला. तिनं माझ्या तोंडात बर्फीचा तुकडा कोंबला. मी तो चावला नाही, गिळला नाही.

"कसली वाटणी?" मी म्हणालो.

"अहो बाबा, समझौता झाला ना भावांचा! दुपारी कंपनीनं पण जाहीर केलं. मोठ्याला जुना कारखाना, धाकट्याला नवा. शेअरला वरचं सर्किट लागलंय. घेणाऱ्यांची रांग आहे, विकणारा एक नाही."

"राजीनामा झाला ना त्यांचा?"

"हां, तोच की. राजीनामा."

"राजीनामा म्हणजे नोकरी सोडणं."

सूनबाई हळूच म्हणाली, "नोकरी सोडणं म्हणजे इस्तीफा, बाबा. राजीनामा म्हणजे... दोघं राजी होणं. तसं लिहून देणं."

"ते हिंदीत."

"न्यूज हिंदीतच होती ना, बाबा."

"तू मराठीत सांगत होतीस!"

"मला वाटलं मराठीत पण तेच असतं," ती म्हणाली, आणि रडायला लागली. "तुम्ही म्हणायचात ना, बातमी आली की विकायचं. मला वाटलं, तुम्ही तुमच्या नियमानं विकताय."

मुलानं विचारलं, "विकले? सगळे?" मग तो खुर्चीत बसला. डबा टेबलावर ठेवल्याचा आवाज आला.

नंतर मुलगा मला समजवायला आला. म्हणाला, "बाबा, ती 'राजीनामा दिला' नाही म्हणाली, 'झाला' म्हणाली. तुमच्या लक्षात यायला हवं होतं." मी त्याला सांगितलं ते इथंही सांगतो. 'डोकं दर्द करतंय' म्हणणाऱ्या बाईचं कुठलं क्रियापद मी धरून बसू? आणि हा हिंदी शब्द मला ठाऊक नव्हता असंही नाही. दुकानासमोर गाड्या एकमेकींवर आदळल्या की पोलीस म्हणायचा, "अरे छोड़ो, राज़ीनामा कर लो." शंभरदा ऐकला असेल. तिनं बातमी हिंदीत वाचली असती तर मी जागेवर ओळखला असता. पण घरात, मराठी वाक्यात, राजीनामा म्हणजे राजीनामा. मी बरोबर ऐकलं. अजूनही म्हणतो, मी बरोबर ऐकलं. बरोबर ऐकून माणूस असा बुडतो, हे मात्र मला कोणी सांगितलं नव्हतं.

बायको सगळं ऐकत होती. भांडली असती तर बरं झालं असतं. ती पलंगाच्या कडेला येऊन बसली.

"म्हणजे ते दोघं एक झाले?"

"एक नाही झाले. नीट वेगळे झाले."

"कोर्टकचेरी संपली ना पण?"

"संपली."

"बरं झालं," ती म्हणाली. मग थोड्या वेळानं, "आपल्याकडे किती राहिले?"

"निम्मे."

"निम्म्यात एक खोली देईल का तो?"

मला तिचा चेहरा दिसत नव्हता. पट्टी होती हे त्या दिवशीचं एकच बरं. मी म्हणालो, "एक खोली कोण विकतं?" ती उठली. मिठाईचा डबा फ्रीजमध्ये ठेवला, भांडी घासायला लागली. भांडी घासताना ती नेहमी बोलते, कुणी ऐको न ऐको. त्या दिवशी नुसता नळाचा आवाज येत होता.

पुढे आठवडाभर मुलानं रोज सकाळी माझ्या हट्टासाठी उरलेल्या पैशात तेच शेअर घ्यायची ऑर्डर लावली. रोज संध्याकाळी ती तशीच परत आली. रांगेत आमच्या पुढे सगळा हिंदुस्थान उभा होता. मग सर्किट सुटलं तेव्हा भाव आमच्या आवाक्याबाहेर गेला होता. त्याचं पुढे काय झालं ते मी बघितलं नाही. कोणी सांगायला लागलं तर उठून जातो. घटनांवर जगणारा माणूस मी, आणि आता आमच्या दोघांच्या वाट्याला एकच घटना राहिली आहे, तिची तारीख कोणी जाहीर करत नाही. बायको अजून संध्याकाळी खाली बाकावर जाऊन बसते. सूनबाई आता माझ्याशी हिंदीत बोलते. मी काही म्हणत नाही.

पण हे नंतरचं. त्या दिवसाच्या दुसऱ्या सकाळी मी बायकोला म्हणालो, "बहिणीला फोन लाव." ती म्हणाली, "मी नाही बोलणार. तुम्हीच बोला." तिनं नंबर लावून मोबाईल माझ्या हातात दिला आणि पोळपाट घेऊन बसली.

"जिजाजी, कसा आहे डोळा?" मेहुणी म्हणाली.

"ठीक आहे. ऐक. खोल्या दुसऱ्या कोणाला द्यायच्या तर देऊन टाका."

"काहून? पैशाचं झालं नाही का?"

"पैसे आहेत," मी म्हणालो. "मलाच दिल्ली सोडवत नाही."

माझ्या मागे लाटणं थांबलं.

तिकडे मेहुणी म्हणाली, "अहो, पण मी तर गवंडी बोलावून ओटा खाली करून घेतला. आमच्या बाईचे गुडघे दुखतात, उभ्यानं होत नाही म्हणून. बसून स्वयंपाक होईल असा केला. पुट्टीही झाली कालच."

"मग वर करून घ्या," मी म्हणालो, आणि फोन ठेवला.